तराजू, मीटर आणि दिवाळीची पोस्त

गेल्या महिन्यात आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्र लहानसेच आहे. परंतु त्यातील शंका लहान नाही. विजेचे बिल घेऊन येणारा मनुष्य आणि खांबावर चढणारा वायरमन असे दोघेही दिवाळीला पोस्त मागावयास येतात, वर्षानुवर्षे ती दिली जाते, आणि त्यात काही वावगे आहे असे या भगिनींच्या घरात कोणास कधी वाटलेले नाही. शेजारच्या मुस्लिम कुटुंबातील वृद्ध गृहिणी मात्र ईदच्या दिवशी त्याच दोघांना ओसरीवर बसवून शीरखुर्मा देते, पण हातावर पैसा ठेवीत नाही. 'आमच्यात ते मना आहे', एवढेच ती सांगते. भगिनी विचारतात, हे खरे आहे काय? आणि खरे असेल तर शीरखुर्मा चालतो आणि पाच-पन्नास रुपये चालत नाहीत, हा कोणता न्याय?

खरे आहे; आणि त्या वृद्धेने जो भेद केला आहे तो तिला कोणी शिकविलेला असो वा नसो, फार जुना व फार विचारपूर्वक केलेला आहे. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही प्रमुख संग्रहांत एक प्रसंग नोंदलेला आहे. प्रेषित मुहंमदांनी अझ्द टोळीतील इब्न अल-लुत्बिया नावाच्या मनुष्यास बनू सुलैम या जमातीकडून जकात गोळा करण्याच्या कामी नेमले होते. (जकात हा शब्द आपल्याकडे येऊन नाक्यावरच्या करापुरता उरला, मुळात तो धार्मिक दानकर होय.) वसुली करून परत आल्यावर या गृहस्थाने मालाचे दोन भाग केले. हा तुमचा, असे म्हणून एक पुढे केला. आणि हा मला भेट म्हणून मिळाला, असे म्हणून दुसरा आपल्याकडे ठेवला. त्याने काही लपविले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. चोरी केली नव्हती, कोणास धमकावले होते असेही नाही. तथापि प्रेषितांना ते इतके खटकले, की त्यांनी व्यासपीठावर उभे राहून सर्वांसमक्ष विचारले: हा मनुष्य आपल्या आईच्या वा वडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्या दाराशी चालत आल्या असत्या काय?

आमच्या मते लाचलुचपतीविषयी जगात जितके कायदे झाले, त्यांतील पुष्कळांना जे सुटसुटीतपणे सांगता आले नाही ते या एका प्रश्नात आहे. देणाऱ्याचा हेतू काय, घेणाऱ्याने मागितले की आपण होऊन दिले, काम आधी झाले की नंतर, असल्या गुंत्यात न शिरता तो फक्त एवढेच विचारतो, की ही वस्तू माणसाला मिळाली की खुर्चीला? पुढे धर्मशास्त्रज्ञांनी याच कसोटीवरून न्यायाधीशांसाठी नियम बांधले. नातलगांकडून, आणि नेमणुकीच्या आधीपासून ज्यांच्याशी देवघेव होती त्यांच्याकडून, पूर्वीइतकीच भेट घेण्यास हरकत नाही. मात्र त्यांचा दावा त्याच्यापुढे चालू नसावा. भेट पूर्वीपेक्षा मोठी होऊ लागली की वाढीव भाग पदाचा झाला.

शीरखुर्म्याचा उलगडा येथेच होतो. ईदच्या दिवशी दाराशी जो येईल त्याला तो मिळतो. दूधवाल्याला, पोस्टमनला, शेजारच्या मराठी घरातील मुलांनाही. वायरमन उद्या नोकरी सोडून आपल्या घरी बसला तरी त्या ओसरीवर त्याची वाटी ठरलेली आहे. पोस्तीचे तसे नाही. तो बदलून गेला की पोस्त त्याच्या जागी आलेल्या नव्या मनुष्याला मिळते, जुन्याला नव्हे. म्हणजे ती खांबाला मिळत होती. मे महिन्याच्या उन्हात खांबावरून उतरलेल्या मनुष्यास तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा द्यावा की नाही, अशी शंका मात्र कोणी काढू नये.

येथे एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लाच देणारा आणि घेणारा दोघेही शापित, असे हदीसचे सांगणे आहे. परंतु नवी जोडणी हक्काची असून महिनोन्महिने मिळत नाही, घरात आजारी माणूस आहे, आणि चिरीमिरी दिल्यावाचून कागद टेबलावरून हलत नाही, अशा वेळी काय करावे? अनेक शास्त्रज्ञांनी असा निर्णय दिला आहे, की आपला निर्विवाद हक्क मिळविण्याचा किंवा अन्याय टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल, तर देणाऱ्यावर दोष नाही. घेणाऱ्यावर मात्र तो पूर्ण आहे. निर्णय दयाळू आहे खरा. पण प्रत्येकजण स्वतःला निरुपायच समजतो, हाही अनुभव आहे. दुसऱ्याच्या आधी आपला नंबर लागावा म्हणून दिलेला पैसा हा या सवलतीत बसत नाही; कारण तेथे आपण आपला हक्क मिळवीत नसून मागच्या माणसाचा हक्क विकत घेत असतो.

आता मापाकडे वळू. कुराणात व्यापाराविषयी जे सांगितले आहे, त्यात वजनमापांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. त्र्याऐंशीवा अध्याय तर माप मारणाऱ्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यांचे लक्षण तेथे असे केले आहे: हे लोक घेताना पुरेपूर घेतात, देताना मात्र कमी भरवितात. मद्यन नगरीचे लोक बुडाले ते याच पापाने, आणि शुऐब या प्रेषिताने त्यांना केलेला उपदेश मुख्यत्वे तराजूविषयीचा होता, हेही अनेक ठिकाणी आले आहे. एखाद्या नगरीचा नाश मापातील लबाडीशी जोडलेला असावा, ही कल्पनाच विचार करावयास लावणारी आहे.

ही गोष्ट उपदेशावर सोडून दिलेली नव्हती. इजिप्तमध्ये इसवी सनाच्या आठव्या शतकातील काचेची वजने आणि मापांच्या भांड्यांवरील काचेचे शिक्के मोठ्या संख्येने सापडले आहेत. त्यांवर सुभेदाराचे वा महसूल अधिकाऱ्याचे नाव असून माप पुरे भरावे अशी आज्ञा कोरलेली असते. काच का, तर धातूचे वजन तासून हलके करता येते; काचेला खरवडले की ते दिसते. आपल्या मीटरवरील तारेने बांधलेल्या शिशाच्या सीलचे पूर्वज ते हेच म्हणावयाचे. फातिमी राजवटीत कैरो येथे वजनमापे तपासण्यासाठी स्वतंत्र कचेरी होती. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यास मुहतसिब म्हणत आणि त्याच्या कामास हिस्बा. आपण रोज ज्याला 'हिशेब' म्हणतो, तो शब्द याच अरबी धातूपासून निघून फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावला. अमानत, वसूल, बाकी, हक्क, तगादा हेही त्याच वाटेने आलेले. एकूण ज्या व्यवहाराविषयी आपण बोलत आहो, त्याची अर्धी परिभाषा आपल्या वहीखात्यांत आधीच आहे.

मीटर हा तराजूच आहे. फरक इतकाच, की हा तराजू गिऱ्हाइकाच्या भिंतीवर टांगलेला असतो आणि मालक दुसराच. म्हणून येथे माप मारण्याची सोय दोन्ही बाजूंना आहे. ग्राहक चुंबक लावतो, सील तोडतो, आकडा टाकतो. कचेरी काय करते? दाराला कुलूप होते असे लिहून सरासरी बिल पाठविते. एका महिन्यास ठीक, पण सहा महिने तेच होते, आणि सातव्या महिन्यास एकदम मोठा आकडा येऊन घरातल्या गृहिणीची झोप उडते. मोजता येणारी वस्तू न मोजता अंदाजाने विकणे इस्लामी शास्त्रज्ञांना मान्य नसे, कारण त्यात एका पक्षास काय मिळाले व किती देणे झाले हे अज्ञात राहते. कुलूप होते म्हणून खोटीच नोंद करणारा वाचक आणि चुंबक लावणारा घरमालक यांना आम्ही एकाच पारड्यात घालतो. त्यांपैकी एकाला आपण चोर म्हणतो आणि दुसऱ्याला केवळ आळशी म्हणून सोडून देतो, हा आपला पक्षपात.

पाण्याचा इतिहास याहून रंजक आहे. नळ येण्यापूर्वी कैरोत नाईलचे पाणी घरोघर पोहोचविणारे हजारो पखालवाले होते; आपल्याकडचे भिस्ती ते हेच. (भिस्ती हा शब्द फारसी 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग यापासून आला. तहानलेल्यास पाणी देणारा तो स्वर्गातला, या भावनेने.) चौदाव्या शतकात इजिप्तमधील इब्न अल-उखुव्वा याने मुहतसिबासाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात या पखालवाल्यांसाठी नियम दिले आहेत. पाणी काठाशी न भरता नदीत आत जाऊन भरावे. शौचकूप वा हमामखान्याचे पाणी जेथे मिळते त्या जागेजवळ भरू नये. नव्या पखालीचे पाणी पिण्यासाठी विकू नये, कारण कातडे कमावण्याच्या द्रव्याचा वास व चव त्यात उतरते. काही दिवस ती चिखल कालविण्यासारख्या कामी वापरून मगच पिण्याच्या पाण्यास घ्यावी. किती बारकाई! आणि हे सारे कोणासाठी? ज्याने पखाल कोठे भरली हे कधी दिसणार नाही, अशा वरच्या मजल्यावरील गिऱ्हाइकासाठी. सेवकाला ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, या अंतरातच अमानतीचा सगळा अर्थ साठविलेला आहे. आज क्लोरीनची मात्रा किती टाकली, गटाराजवळची नळी फुटली होती ती जोडताना आत काय शिरले, हे नळ खात्यातील मनुष्यालाच माहीत. आपण तोटी सोडतो आणि पाणी पितो.

तोटीवरून आठवले. इजिप्तमध्ये नळाच्या तोटीस आजही 'हनफिय्या' म्हणतात. तोटीच्या वाहत्या पाण्याने नमाजापूर्वीचे हातपाय धुणे चालेल की नाही यावर वाद झाला, इतर पंथांच्या पंडितांनी शंका काढल्या आणि हनफी पंथाच्या पंडितांनी मान्यता दिली, म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. कैरोत नळाच्या पाण्याच्या कंपनीस परवाना मिळाला तो 1865 मध्ये, खेदिव इस्माइलच्या कारकीर्दीत. त्यानंतरही कित्येक दशके पखालवाले गल्ल्यांतून फिरतच होते.

आपल्या मुलखाजवळचे उदाहरण हवे असेल तर औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) पहावे. मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून आणलेली नहर आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या चक्कीवर दळलेले धान्य फकीर, यात्रेकरू व विद्यार्थी यांच्या मुखी लागे.

येथून एक प्रश्न निघतो, आणि तो आम्हास अनेकांनी तोंडी विचारला आहे. पाणी, गवत आणि अग्नी या तीन वस्तूंत सर्वांची भागीदारी आहे असे हदीसमध्ये सांगितले आहे. मग पाण्याचे व विजेचे पैसे का घ्यावे, आणि न दिले तर ती चोरी कशी? शास्त्रज्ञांनी याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. नदीचे पाणी कोणाच्या मालकीचे नाही. परंतु श्रम करून भांड्यात भरून आणलेले पाणी आणणाऱ्याचे होते व ते विकता येते. कंपनी पाण्याची नव्हे, वाहतुकीची, शुद्धीकरणाची आणि नळाची किंमत घेते. 'अग्नी'त वीज धरावी की नाही याविषयी आधुनिक लेखकांत एकमत नाही. जुन्या भाष्यकारांच्या मनात जळण आणि शेजाऱ्याच्या विस्तवावरून पेटवून घेतलेला दिवा एवढेच होते. पण क्षणभर धरू की भागीदारी आहे. मग तर चोरी अधिकच वाईट ठरते! कारण आकडा टाकणारा सरकारचे काही घेत नाही, भागीदाराचे घेतो. त्याच्या विजेची तूट त्याच रोहित्रावरच्या दहा घरांच्या दरात मिळविली जाते.

'सरकारचेच तर आहे' हा युक्तिवाद जुना आहे, आणि त्याला मिळालेले उत्तरही तितकेच जुने आहे. खैबरच्या मोहिमेहून परतताना प्रेषितांचा एक सेवक अवचित आलेला बाण लागून मेला. लोक म्हणाले, धन्य त्याची, हौतात्म्य लाभले. प्रेषित म्हणाले, तसे नाही. वाटणीपूर्वी सामाईक लुटीतून त्याने उचललेले वस्त्र आता त्याच्या अंगावर आग होऊन जळत आहे. हे ऐकताच गर्दीतून एकजण पुढे झाला आणि त्याने चपलेचे एकदोन बंद आणून समोर ठेवले. चपलेचे बंद! त्याची किंमत ती काय? पण माल सर्वांचा होता. इजिप्त व जॉर्डन येथील अधिकृत धर्मनिर्णय देणाऱ्या संस्थांनी आमच्या काळात वीज व पाण्याची चोरी निषिद्ध ठरविणारे फतवे दिले आहेत, ते याच परंपरेला धरून. आपल्याकडे 2003 च्या वीज कायद्यात वीजचोरीस तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कैदेला भिणाऱ्यांची संख्या किती, हे कोणत्याही गल्लीतील तारा वर मान करून पाहिल्यास कळेल.

मात्र चोरी निराळी आणि थकबाकी निराळी. या दोहोंना एकाच दरडावणीने बोलणारा कारकून प्रत्येक कचेरीत असतो. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात कर्जदार अडचणीत असेल तर त्यास सवड मिळेतो मुदत द्यावी, आणि सोडून दिले तर अधिकच चांगले, असे सांगितले आहे. उलट बाजूस, ऐपत असून देणे लांबविणे हा जुलूम होय, असेही हदीस सांगते. म्हणजे जोडणी तोडावयास जाणाऱ्या मनुष्याने दोन दारांत भेद केला पाहिजे. बंगल्यातील थकबाकीदार हा जुलूम करणारा. आणि ज्या घरचा कर्ता पुरुष महिनाभर इस्पितळात आहे, तेथे मुदत देणे हे उपकार नसून आज्ञापालन. हा भेद यादीत दिसत नाही, दारात दिसतो. आपल्या कायद्यानेही थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस देणे आवश्यक ठरविले आहे. ही नोटीस अनेकांना तार तुटल्यानंतरच आठवते.

उशिराच्या भरण्यावरील दंडाविषयीही मतभेद आहेत. देणे लांबले म्हणून त्यात भर घालणे हे व्याजच, असे बहुसंख्य उलेमा मानतात. इस्लामी बँकांनी यातून एक वाट काढली आहे: टाळाटाळ करणाऱ्याकडून रक्कम घ्यावयाची, पण ती बँकेने आपल्या नफ्यात न धरता धर्मादायास द्यावयाची. दंडाचा धाक राहतो आणि सावकाराला त्यात गोडी उरत नाही. ही युक्ती आम्हास शहाणपणाची वाटते.

आता अनेक राज्यांत आधी पैसे भरून मग वीज घ्यावयाचे मीटर बसविले जात आहेत. शिल्लक संपली की पुरवठा आपोआप थांबतो. यात लाच नाही, पोस्त नाही, खोटी नोंद नाही, हे मान्य. पण इस्पितळातील त्या कर्त्या पुरुषाच्या घरी दार ठोठावून आत पाहणारा मनुष्यही नाही. मुदत कोणाजवळ मागावी?

राहता राहिला तो खांबावरचा मनुष्य. त्याच्याकडून आपण प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो. त्याच्याशी कोण प्रामाणिक आहे? मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, हे वचन बहुतेकांनी ऐकलेले असते. बुखारीच्या संग्रहात याहून कडक एक वचन आहे: पुरते काम करवून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध खुद्द ईश्वर प्रतिवादी म्हणून उभा राहील. पुष्कळ ठिकाणी मीटर वाचणारी मुले आता ठेकेदाराची असतात. नोंदीमागे ठराविक पैसे, तेही दोन-दोन महिने उशिरा. रबरी हातमोजे फाटले की स्वतःच्या पैशाने आणावयाचे. अशा मुलाने कुलूप नसलेल्या घराला कुलूप लिहिले, तर दोष त्याचा आहेच, पण त्याच्या एकट्याचा नव्हे.

कुराणाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मद्यन येथे आलेल्या मूसाची कथा आहे. विहिरीवर त्याने दोन बहिणींच्या मेंढरांना पाणी पाजले. त्यांपैकी एकीने वडिलांना सांगितले, याला कामावर ठेवा. कामावर ठेवावयास उत्तम मनुष्य तो, जो सशक्त आणि विश्वासू आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी इब्न तैमिया याने राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात सर्व नेमणुकांचा पाया म्हणून हेच दोन गुण घेतले. काम जाणणारा पण लबाड नको. सज्जन पण फ्यूज बांधता न येणाराही नको. एवढा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्या कथेतील पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. वृद्ध पित्याने मूसाला कामावर घेताना मुदत आधीच स्पष्ट सांगितली: आठ वर्षे, आणि दहा पुरी केलीस तर ती तुझ्या खुशीने. तुला त्रासात घालण्याची माझी इच्छा नाही, असेही त्याने जोडले. मूसाने उत्तर दिले, की दोहोंपैकी कोणतीही मुदत मी पुरी केली तरी माझ्यावर बोल नसावा. आणि मगच करार झाला.